हात हवा, डोके नको : पालवणकर बाळू आणि आपली समीक्षा

माझे वडील कोल्हापुरात पायताणे शिवत. शाळेत ते दुसरीच्या पुढे गेले नाहीत. क्रिकेटचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. तरी एक नाव त्यांच्या तोंडी नेहमी असे. रापी बाजूला ठेवून ते म्हणत, "आपल्यातला एक गडी विलायतंला जाऊन गोऱ्यांच्या दांड्या उडवून आलाय." तो गडी म्हणजे पालवणकर बाळू. पुढे मी कॉलेजात गेलो, चळवळीच्या अभ्यासवर्गांना बसू लागलो. एकदा चर्चेत मी हे नाव घेतले, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते शांतपणे म्हणाले, "बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिलेला माणूस तो. त्याचं काय सांगतोस?" मी खाली बसलो. घरात अभिमानाने घेतले जाणारे नाव चळवळीत घ्यायचे नसते, एवढे त्या दिवशी शिकलो. या गोष्टीला पंधरा वर्षे झाली. आज मी दलित साहित्य शिकवतो, आणि त्या दिवशी मी खाली बसायला नको होते असे मला वाटते.

बाळू यांचा प्रश्न केवळ क्रिकेटच्या हौशी लोकांचा आहे, असे समजून आपल्या समीक्षेने तो सोडून दिला. आपण कविता वाचली, कथा वाचली, आत्मकथने वाचली. त्यांतून वर्णव्यवस्थेचे व्यवहार उघडे केले. पण मैदान हीसुद्धा एक संहिता आहे. तेथे कोणी धावायचे, कोणी उभे राहायचे, कोणी हुकूम द्यायचा याची वाटणी असते, आणि ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली हे वाचता येते. बाळू यांचे आयुष्य मी या दृष्टीने वाचू पाहतो. माझा मुद्दा थोडक्यात असा : या व्यवस्थेला दलिताचा हात हवा असतो, डोके नको असते. हाताचे कौतुक ती हार घालून करते आणि त्याच कौतुकाच्या आड डोक्याचा हक्क नाकारते.

बाळू यांचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाडला झाला. कुटुंब चांभार जातीचे, मूळचे कोकणातल्या पालवणचे. त्या गावावरून आडनाव पडले. लष्करी नोकरीच्या निमित्ताने कुटुंब पुण्यात आले. छावणीच्या आसपास वाढणाऱ्या अस्पृश्य मुलांना जी थोडी मोकळी जागा मिळे, त्या जागेत बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत खेळू लागले. बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, लोटायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर ते लागले. जाळी लावणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या रेषा मारणे ही कामे होतीच. त्यांत आणखी एका कामाची भर पडली. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

त्या काळच्या नामांकित फलंदाजांपैकी जे. जी. ग्रेग हे त्या सरावात असत. बाळू यांनी त्यांना बाद केले की ग्रेग आठ आणे देत, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब खरा आहे. महिन्याला चार रुपये, म्हणजे आठ वेळा बाद करण्याइतका पगार. शेकडो तास चेंडू टाकून बाळू यांनी डावखुऱ्या संथ फिरकीची कला कमावली. त्यांचा कुणी गुरू नव्हता. दुसऱ्याची फलंदाजी सुधारावी म्हणून राबताना त्यांची स्वतःची गोलंदाजी तयार झाली. पण या सगळ्या वर्षांत त्या क्लबात त्यांच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. फलंदाजी हे साहेबाचे, संस्थानिकाचे, सुखवस्तू माणसाचे काम आणि गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम, ही विभागणी इंग्रजांनीच आपल्याबरोबर आणली होती. खुद्द इंग्लंडात 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे दोन वर्ग होते. पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू कितीही थोर असला तरी कप्तान व्हायचा तो बहुधा हौशी उमराव. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे नेतृत्व व्यावसायिक खेळाडूकडे प्रथम आले ते १९५२ मध्ये, लेन हटन यांच्या रूपाने. म्हणजे वर्गाची उतरंड बाहेरून आली होती. आपल्या देशात तिच्यावर जातीची उतरंड चढली, आणि दोन्ही एकमेकींत घट्ट बसल्या. बाळू यांना एकाच वेळी दोन जात्यांत भरडावे लागले.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, आणि बाळू अस्पृश्य होते. शेवटी जिंकण्याची गरज जड ठरली व बाळू यांना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळीत. तो चेंडू चामड्याचा असे, याचा विटाळ कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र चहाच्या वेळी सहकारी आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळू यांना बाहेर साध्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. हातपाय धुवायचे झाले तर अस्पृश्य नोकर मैदानाच्या कडेला पाणी घेऊन येई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलाशी. हा तपशील रामचंद्र गुहा यांनी आपल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' (२००२) या क्रिकेट-इतिहासात नोंदवला आहे. आपलाच माणूस आपल्याला इतक्या विस्ताराने इंग्रजीतून कळावा, ही गुहा यांच्या परिश्रमाची थोरवी आहे आणि आपल्या आळसाची खूणही आहे.

प्लेगच्या साथीच्या वर्षांत बाळू मुंबईला आले. तेथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. रेल्वेत नोकरीही मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू यांची गोलंदाजी या विजयाचा आधार होती. शिवरामही संघात होते. राज्यकर्त्यांना हरवल्याचा आनंद शहरभर झाला. त्यानंतर सुधारक पत्रांनी जे लिहिले ते आपल्या समीक्षेने नीट वाचायला हवे. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या पत्राने चांभार बंधूंना जिमखान्यात घेण्याची घटना सर्वांनाच भूषणावह ठरवली, हिंदू तरुणांची मने उदार करणारी म्हणून तिचा गौरव केला. हेतू चांगला होता, शंका नाही. पण या वाक्यरचनेचा कर्ता कोण ते पाहा. प्रवेश 'देणारे' उदार झाले. ज्याने वर्षानुवर्षे राबून तो प्रवेश अटळ केला, तो त्यांच्या उदारपणाचा पुरावा झाला. बळी त्याने घ्यायचे आणि भूषण दुसऱ्याने मिरवायचे, ही पद्धत येथून सुरू होते.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. संघ तेवीस सामने खेळला. सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले. या पडत्या दौऱ्यात बाळू यांनी एकूण ११४ बळी घेतले, १८.८४ च्या सरासरीने. त्यांना 'हिंदुस्थानचा ऱ्होड्स' म्हटले जाई. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे गुहा नोंदवतात. ही नोंद मला फार मोलाची वाटते. आपल्या सर्वांत मोठ्या नेत्याच्या सार्वजनिक जीवनाच्या उंबरठ्यावर एका चांभार गोलंदाजाचा गौरव उभा आहे.

आता कप्तानपदाचा प्रश्न. १९१२ पासून मुंबईची चौरंगी स्पर्धा सुरू झाली : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदू संघात ज्येष्ठता आणि कर्तबगारी या दोन्ही कसोट्यांवर बाळू यांच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नव्हता. तरी वर्षामागून वर्षे कप्तान दुसरेच झाले. एम. डी. पै हे कप्तान होते. त्यांनी स्वतःच एका सत्कारात हा मान ज्येष्ठ म्हणून बाळू यांना मिळायला हवा होता, असे सांगितले. पै यांचा प्रामाणिकपणा मान्य करायलाच हवा. पण एका व्यक्तीच्या प्रामाणिकपणाने व्यवस्था बदलत नाही, हेही त्यातून दिसते.

१९२० मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. बाळू यांना संघातून वगळले गेले. पै आजारी पडल्यावर नेतृत्व डी. बी. देवधर यांच्याकडे गेले. देवधर थोर फलंदाज होते, यात वाद नाही; पण पालवणकर बंधू त्यांना ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते असे जाहीर पत्रक काढून सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव केला, अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले. देशाच्या असहकाराचा इतिहास आपण शाळेत पाठ करतो. दोन चांभार भावांनी हिंदू जिमखान्याशी केलेला असहकार कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? त्याचा परिणाम झाला. तडजोड झाली, बाळू यांना उपकप्तान म्हणून परत घेतले, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघ बाळू यांच्या आज्ञेत खेळला. इतक्या वर्षांच्या खेळीनंतर एवढेच त्यांच्या पदरी पडले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. थोरल्या भावाचा हक्क धाकट्याच्या हाती आला. तो दयेने आला नाही. पत्रक काढून, खेळ नाकारून आला.

बाळू यांच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीचा हिशेब असा : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे बोलके आहेत, पण ते अर्धीच गोष्ट सांगतात. गोलंदाज म्हणजे केवळ हात नव्हे. फलंदाजाची सवय ओळखणे, त्याला मोहात पाडणे, क्षेत्ररक्षक कुठे हवा हे ठरवणे, हे सगळे बुद्धीचे काम. संथ फिरकी तर निव्वळ बुद्धीवर चालते. तेथे वेगाची धमक नसते. म्हणजे बाळू आयुष्यभर डोक्यानेच खेळत होते. व्यवस्थेने मात्र त्यांचा हात तेवढा मोजला.

हे नाकारणे आपल्यापुरते नाही. सत्तरच्या दशकात आपल्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्यांशी नाते जोडले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तिच्या नावातच ते नाते आहे. काळ्यांची कविता आणि आपली कविता यांची तुलना आपण पुष्कळ केली. पण काळ्यांचे मैदान आपण पाहिले नाही. तेथे बाळू यांचाच प्रश्न वेगळ्या वेशात उभा होता.

अमेरिकेतला फुटबॉल हा आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. अंगावर चिलखतासारखे पॅड, डोक्याला शिरस्त्राण, आणि अंडाकृती चेंडू हाती घेऊन पुढे घुसणे. बचावाच्या पहिल्या फळीमागे जे उभे असतात त्यांना लाइनबॅकर म्हणतात. त्यांतला मधला लाइनबॅकर हा बचावाचा मेंदू. समोरच्या संघाची चाल तो वाचतो आणि आपल्या गड्यांना इशारे देतो. साठच्या दशकापर्यंत ही जागा जवळजवळ गोऱ्यांचीच मानली जाई. काळा खेळाडू वेगवान आहे, ताकदवान आहे, पण विचार करून हुकूम देण्याचे काम त्याचे नव्हे, असा समज होता. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग या अभ्यासकांनी दाखवले की काळे खेळाडू मैदानाच्या कडेच्या जागांवर दाटलेले असतात, आणि जेथे निर्णय होतात त्या मधल्या जागा गोऱ्यांकडे असतात. गावकुसाबाहेरची वस्ती मैदानावरही असते, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

विली लॅनिअर हा व्हर्जिनियातला काळा मुलगा, जन्म १९४५ चा. तो बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या महाविद्यालयात शिकला. १९६७ साली कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने त्याला निवडले. त्याच वर्षी, त्याच फेरीत, त्याच्याआधी नोत्र दाम या नामांकित विद्यापीठाचा जिम लिंच हा गोरा लाइनबॅकर निवडला गेला होता. मधली जागा कोणाला? प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांनी दोघांना खेळून दाखवू दिले, आणि ती जागा लॅनिअरने मिळवली. लिंच बाजूच्या जागेवर खेळला. दोघे पुढे वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून खेळले. पहिल्याच हंगामात लॅनिअरच्या डोक्याला गंभीर इजा झाली. नंतर तो शिरस्त्राणाला बाहेरून गादी लावून खेळला आणि त्याने अंगावर जाण्याची आपली पद्धतच बदलली. केवळ आदळण्याऐवजी तो बेतून, सावरून पकडू लागला. जानेवारी १९७० मध्ये त्याच्या संघाने मिनेसोटा व्हायकिंग्जना २३-७ असे हरवून सुपर बोल ही अंतिम लढत जिंकली. अकरा हंगामांत त्याने प्रतिपक्षाचे सत्तावीस फेकलेले चेंडू मध्येच टिपले. १९८६ मध्ये त्याला त्या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले.

दोघांची तुलना करताना सावध राहायला हवे. लॅनिअरच्या मागे काळ्यांच्या नागरी हक्कांचा मोठा लढा होता. त्याला एक संधी न्याय्य रीतीने मिळाली. बाळू यांच्या काळी महाडचा सत्याग्रह अजून व्हायचा होता. पण तुलनेतून एक गोष्ट निर्विवाद निघते. मधल्या जागेसाठी काळ्यांची बुद्धी अपुरी आहे हा समज लॅनिअरने एका हंगामात मोडीत काढला, म्हणजे तो समज कधीच खरा नव्हता. केवळ परीक्षा घेतली जात नव्हती. बाळू यांची परीक्षा वर्षानुवर्षे घेतलीच गेली नाही.

येथपर्यंत आपली सहानुभूती बाळू यांच्याकडे सहज जाते. अवघड भाग पुढे आहे, आणि तो टाळला तर ही समीक्षा गौरव-लेख होईल. बाळू राजकारणात आले ते काँग्रेस आणि हिंदू महासभा यांच्या वर्तुळात. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर-घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळू यांना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

हे का घडले? बाळू फितूर झाले, असे म्हणून मोकळे होता येते. माझ्या अभ्यासवर्गातल्या त्या कार्यकर्त्यांनी तेच केले. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. बाळू आयुष्यभर ज्या संघाकडून खेळले त्या संघाचे नावच 'हिंदू' होते. त्या संघाने त्यांना नाव दिले, नोकरीची वाट दिली, हार घातले, आणि मातीच्या भांड्यात चहा दिला. माणूस आपल्या अपमानाशी जितका बांधला जातो, त्याहून अधिक तो आपल्या सत्काराशी बांधला जातो. सुधारणा होते आहे, दारे हळूहळू उघडत आहेत, असे त्यांना मनापासून वाटत असणार. त्यांच्या डोळ्यांसमोर विठ्ठल कप्तान झालेच होते. पण एका घरातल्या भावांसाठी दार किलकिले होणे आणि एका समाजाचे हक्क कायद्याने मान्य होणे यांतला फरक त्यांनी ओळखला नाही. बाबासाहेबांनी तो ओळखला होता. म्हणून १९३७ चा निकाल योग्यच होता, हे मी चांभाराच्या घरी जन्मलेला माणूस स्पष्टपणे लिहितो.

मात्र काँग्रेसने काय केले तेही पाहा. एका मातब्बर फलंदाजाला बाद करायचे होते, तेव्हा चेंडू पुन्हा बाळू यांच्या हाती दिला गेला. क्षेत्ररचना दुसऱ्यांनी ठरवली, कप्तान दुसरेच होते. येथेही हवा होता तो हातच. बाळू यांच्या राजकारणातली शोकांतिका त्यांनी बाबासाहेबांना विरोध केला एवढ्यात नाही. जे त्यांच्याशी मैदानावर झाले, तेच राजकारणात होत आहे हे त्यांना दिसले नाही, यात ती आहे.

आणि आपले काय? ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले. त्यानंतर आपण त्यांना जवळजवळ विसरलो. त्या विसरण्यात १९३७ चा राग आहे, तो समजण्यासारखा आहे. पण त्यात आणखीही काही आहे, ते बोलायला आपण कचरतो. चळवळीत कोणत्या जातीची स्मृती मुख्य आणि कोणत्या जातीची दुय्यम, असा हिशेब आपल्या आतही चालतो. दलित हा शब्द आपण सर्व शोषितांसाठी घेतला. त्या शब्दाच्या आत पुन्हा ओटी-माजघर होणार असेल तर तो शब्द आपण वाया घालवला असे होईल. दुसऱ्या बाजूने चांभार समाजातल्या काही मंडळींनी बाळू यांचे नाव बाबासाहेबांच्या विरोधात हत्यारासारखे वापरले, तेही तितकेच चूक. दोघेही बाळू यांचा पुन्हा हातच वापरतात. त्यांच्या आयुष्याचा विचार करीत नाहीत.

साहित्याच्या इतिहासातही हेच झाले आहे. विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. दलित आत्मकथनाचा इतिहास शिकवताना आपण १९७८ च्या 'बलुतं'पासून सुरुवात करतो. मीही वर्गात तसेच शिकवत आलो. मग तीस वर्षे आधी एका अस्पृश्य कुटुंबातल्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक कोणत्या खणात ठेवायचे? खेळाच्या कपाटात ठेवून आपण मोकळे झालो. शीर्षकच पाहा : लेखकाने 'जीवन' म्हटले नाही, 'क्रीडा-जीवन' म्हटले. आयुष्याचा जो भाग समाजाने मान्य केला, तेवढाच पुस्तकाच्या नावावर आला. उरलेले जीवन कुठे गेले? 'बलुतं'मध्ये दया पवारांनी ते उरलेले जीवन पुढे आणले, म्हणून त्या पुस्तकाचे महत्त्व अबाधित आहे. पण उघड बोलणाऱ्या पुस्तकाआधी मौन पाळणारी पुस्तके असतात, आणि मौनाचाही इतिहास लिहावा लागतो.

कोल्हापुरात राहून हा विषय लिहिताना शाहू महाराजांची आठवण अपरिहार्य आहे. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराजांनी चहा घेतला ही गोष्ट येथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुण्याच्या मैदानावरचे ते मातीचे भांडे आणि गंगारामांचा हा कप, दोन्ही आपल्या इतिहासात शेजारी ठेवले पाहिजेत. पण महाराज चहापाशी थांबले नाहीत. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावची परिषद झाली. तेथे त्यांनी अस्पृश्यांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी आंबेडकरांच्या रूपाने मिळाला आहे. म्हणजे एका राजाने अस्पृश्याचे नेतृत्व, त्याचे डोके, जाहीरपणे मान्य केले. त्याच १९२० साली मुंबईचा हिंदू जिमखाना बाळू यांना कप्तान करायला तयार नव्हता. एकत्र चहा पिणे ही समतेची पहिली पायरी. आपल्यावर हुकूम चालवण्याचा त्याचा हक्क मानणे ही पुढची, आणि ती फार थोडे चढतात.

आजही फार थोडे चढतात. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे संमेलनाच्या खुर्च्या मांडायला, पाहुण्यांची ने-आण करायला आमच्या वस्तीतली मुले हक्काने बोलावली जात. अध्यक्षीय भाषणाचा मसुदा मात्र आमच्यापैकी कुणाकडे आला नाही. नोकरीतही पुष्कळ ठिकाणी परीक्षेची पर्यवेक्षणे एकाकडे आणि चर्चासत्राचे बीजभाषण दुसऱ्याकडे, ही वाटणी कुणी न ठरवता ठरते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले. तो येथल्या एका पेठेच्या संघातून बचावफळीत खेळतो. "सर, दमछाक होईपर्यंत आडवं जायचं आमच्याकडं असतं. कप्तानाची पट्टी कधी येणार?" मी त्याला बाळू यांची गोष्ट सांगितली, लॅनिअरची सांगितली. त्याने दोन्ही नावे पहिल्यांदाच ऐकली होती. यात त्याचा दोष नाही, माझा आहे. मी शिकवणारा आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना, काही कामे सुचवतो. 'माझे क्रीडा-जीवन'च्या जुन्या प्रती जिमखान्यांच्या, नगर वाचनालयांच्या कपाटांत शोधाव्यात, आणि दलित आत्मकथनाच्या अभ्यासक्रमात त्या पुस्तकाला 'बलुतं'च्या आधीची जागा द्यावी. आपापल्या वस्तीतले जुने कबड्डीपटू, पैलवान, फुटबॉलपटू यांच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. त्यांना केवळ किती सामने खेळलात एवढे विचारू नये; कप्तान कोण होते, कुणी निवडले, जेवायला कुठे बसवले, तेही विचारावे. बाळू यांच्या राजकारणाची चिकित्सा करावी, कठोरपणे करावी. पण ती करताना त्यांचे नाव घ्यावे लागेल.

माझे वडील आता नाहीत. त्यांना पुणे करार माहीत होता की नाही, मी कधी विचारले नाही. त्यांच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि तोंडात बाळूंचे नाव होते. या दोहोंत त्यांना काही विसंगती वाटली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी अभ्यासवर्गात मी खाली बसलो, तेव्हा मला ती वाटली होती.